ए२ ते बी१ : जर्मनची ही पायरी मराठीचा हात धरून चढा

२०२४ साली महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्ह्युर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात एक करार झाला. महाराष्ट्रातल्या दहा हजार कुशल तरुणांना तिकडे काम मिळावं, असा तो पथदर्शी प्रकल्प. तेव्हापासून जर्मन शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांना वेगळेच फोन येऊ लागले आहेत. पूर्वी पुण्यातले इंजिनिअर आणि एम.एस.ला निघालेली मुलं विचारायची. आता साताऱ्याच्या नर्सताईंचे वडील विचारतात, परभणीचा वायरमन विचारतो. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "मॅडम, ए-टू झालंय. बी-वनला किती दिवस लागतील?"

आणि बी१चा वर्ग सुरू होऊन दोनेक महिने झाले की त्याच मंडळींचा दुसरा फोन येतो. आवाज पडलेला असतो. "मॅडम, ए-टूमध्ये जे येत होतं तेही आता येईनासं झालंय." हे इतक्या जणांकडून ऐकलंय, की यात त्यांचा दोष नाही हे मी खात्रीने सांगू शकते. या पायरीवर नेमकं काय बदलतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. शिवाय या पायरीसाठी लागणारं निम्मं सामान त्यांच्या घरात आधीच आहे, हेही कुणी सांगितलेलं नसतं. ते सामान म्हणजे आपली मराठी.

ए२, बी१ ही भानगड काय आहे?

एखाद्याला भाषा कितपत येते हे मोजायची एक पट्टी युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावर सहा खुणा आहेत : ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. पट्टी कुठल्याही भाषेला लावता येते. ए म्हणजे प्राथमिक, बी म्हणजे स्वतःच्या बळावर वावरता येण्याइतकी, सी म्हणजे प्रावीण्य. जर्मन माणूस बी१ला 'बे-आइन्स' म्हणतो.

शब्दांच्या हिशेबात सांगायचं, तर ग्योथे इन्स्टिट्यूट या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे आपल्या मॅक्स म्यूलर भवनाच्या, शब्दसूचीत ए१ला साधारण ६५०, ए२ला १३०० आणि बी१ला २४०० शब्द आहेत. पण शब्दांच्या आकड्यावरून खरा फरक कळत नाही.

गावाकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात तेव्हा पाठीला डबा बांधतात. ए२ म्हणजे डबा बांधून पोहणं. तुमची ठरलेली वाक्यं हा तो डबा : माझं नाव अमुक, मला अर्धा किलो टोमॅटो द्या, स्टेशन कुठे आहे. समोरचा माणूसही तुमच्याकडे बघून हळू बोलतो, सोपं बोलतो. बी१ला तो डबा सुटतो. तुम्ही काहीतरी विचारता, समोरून अनपेक्षित उलटा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला तिथल्या तिथे जुळवायचं असतं. डबा सुटल्यावर पहिले काही दिवस नाकातोंडात पाणी जाणारच. "येत होतं तेही जातंय" असं वाटतं ते यामुळे.

या पायरीला कायद्यातही वजन आहे. जर्मन नागरिकत्वासाठी बी१ लागतं. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, गेलेल्या माणसाला कायमस्वरूपी राहण्याचा परवाना ए१ असेल तर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. काम शोधायला जाण्यासाठी १ जून २०२४ पासून 'शान्सनकार्टे' म्हणजे संधीपत्र सुरू झालं. तिथे गुण मोजले जातात आणि सहा गुण लागतात. त्यात ए२ला एक गुण, बी१ला दोन, बी२ला तीन. नर्सिंगसाठी मात्र नोंदणी होईपर्यंत सहसा बी२पर्यंत जावं लागतं, तेव्हा त्या मंडळींनी बी१ हा मधला मुक्काम समजावा.

गार पडलेली हाइट्सुंग

मी स्टुटगार्टजवळच्या, म्हणजे बाडेन-व्ह्युर्टेमबर्गच्या राजधानीजवळच्या, एका गावात राहत होते तेव्हाची गोष्ट. पहिलाच जानेवारी, बाहेर उणे सहा. एका संध्याकाळी खोलीतली हाइट्सुंग, म्हणजे भिंतीला लावलेला गरम पाण्याचा हीटर, गार पडली. इमारतीची देखभाल बघणाऱ्या कार्यालयाला फोन करायचा होता. मी कागदावर वाक्य लिहिलं, तीनदा मोठ्याने म्हटलं : 'डी हाइट्सुंग इस्ट काल्ट.' हीटर गार आहे. वाक्य अचूक होतं.

पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, 'हाबेन झी शोन एन्टल्युफ्टेट?' मला त्यातलं 'तुम्ही आधीच' एवढं कळलं. पुढचा शब्द डोक्यावरून गेला. मी म्हटलं, 'या.' म्हणजे हो. त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, त्यात 'आता' आणि 'गरम' ऐकू आलं. मी पुन्हा 'या' म्हटलं. 'ना, डान इस्ट या गूट,' असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. म्हणजे, चला, मग बरंच झालं.

त्यांनी विचारलं होतं की हीटरमधली अडकलेली हवा काढून पाहिलीत का, आणि आता गरम होतोय का. मी दोन्हीला हो म्हटलं. चार रात्री स्वेटरवर स्वेटर घालून झोपले. पाचव्या दिवशी शेजारच्या आजी आल्या. त्यांनी हीटरवर तळहात ठेवून पाहिला, घरी जाऊन एक पितळी किल्ली आणली. बोटाएवढी, टोकाला चौकोनी भोक असलेली. हीटरच्या कडेच्या छोट्या खिट्टीला ती लावून अर्धा फेरा फिरवला, खाली चहाचा कप धरला. आधी सू-सू करत हवा निघाली, मग काळपट पाण्याचे थेंब. दहा मिनिटांत नळी गरम.

'लुफ्ट' म्हणजे हवा, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. 'एन्ट' हा उपसर्ग काढून टाकणं दाखवतो, हे कुणी सांगितलं असतं तर 'एन्टल्युफ्टेन' मला कळायला हरकत नव्हती. मला शब्दांचा तुटवडा नव्हता. सांधे जुळवता येत नव्हते.

मग बी१मध्ये नवीन काय शिकायचं?

आधी मराठीतच बघा. ए२चा माणूस म्हणतो : "हीटर गार आहे. मी हवा काढली. हीटर गार आहे. माणूस पाठवा." बी१चा म्हणतो : "मी हवा काढून पाहिली, तरीही तो गारच आहे, तेव्हा कुणाला तरी पाठवाल का?" नवीन नाम एकही नाही. 'तरीही' आलं, 'तेव्हा' आलं, आणि हुकमाच्या जागी 'पाठवाल का' आलं.

बी१चं व्याकरण म्हणजे मुख्यतः एवढंच. कारण, जरी, तरी, म्हणून, जेव्हा, जो-तो यांनी वाक्यं जोडणं, आणि 'असतं तर', 'कराल का' असं मऊ बोलणं. हे सगळं मराठी माणूस घरात दिवसभर करत असतो. गोची अशी होते की जर्मन शिकताना तो मनातल्या मनात आधी इंग्रजी वाक्य करतो, मग त्याचं जर्मन. आणि नेमक्या याच ठिकाणी इंग्रजीची आणि जर्मनची वाट वेगळी होते.

क्रियापद शेवटी जातं, म्हणजे घरी येतं

जर्मनमध्ये 'कारण'साठी 'व्हाइल' हा शब्द आहे. तो आला की त्या उपवाक्याचं क्रियापद थेट शेवटी जातं. इंग्रजीवर पोसलेल्या विद्यार्थ्याला हे उफराटं वाटतं. आता हे वाक्य शब्दाला शब्द लावून वाचा :

व्हाइल इश हॉइटे लेंगर आर्बाइटेन मुस.
कारण मला आज जास्त वेळ काम करावं लागतं.

व्हाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी (मराठीत इथे 'मला' येतं), हॉइटे म्हणजे आज, लेंगर म्हणजे जास्त वेळ, आर्बाइटेन म्हणजे काम करणं, मुस म्हणजे लागतं. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. शेवटची दोन क्रियापदंसुद्धा आपल्याच क्रमाने : आधी 'करावं', मग 'लागतं'. 'डास' म्हणजे 'की' : "त्याने सांगितलं की तो उद्या पुण्याला जाणार आहे" यातलं 'की'च्या पुढचं सगळं जर्मनमध्ये मराठीच्याच रांगेत बसतं. एका मुलाला मी सांगितलं, इंग्रजी बाजूला ठेव, 'की'च्या पुढे मराठी बोल आणि शब्द बदलत जा. त्या तासाला त्याने अकरा वाक्यं केली.

'जरी' आणि 'तरी' ही आपली जोडीही तिथे आहे. जरीसाठी 'ओबव्होल', तरीहीसाठी 'ट्रॉट्सडेम'. फरक लक्षात ठेवायचा तो एवढाच, की ओबव्होलनंतर क्रियापद शेवटी जातं आणि ट्रॉट्सडेमनंतर लगेच येतं. 'म्हणून'साठी 'डेसहाल्प', तेही ट्रॉट्सडेमसारखंच वागतं.

जो-तोची वाक्यं तर आपण शाळेपासून करत आलो. "ज्या माणसाला मी काल भेटले, तो डॉक्टर आहे." 'जो'चं 'ज्याला' होतं, 'ज्याचा' होतं, 'ज्याने' होतं. जर्मनमध्येही 'डेर'चं 'डेन' होतं, 'डेम' होतं. 'जो'ला अशी विभक्ती लागण्याची इंग्रजीतून येणाऱ्याला फारशी सवय नसते. आपल्याला ती आहेच.

मला थंडी वाजते, 'मी थंड आहे' नव्हे

मराठीत आवडणं, लागणं, वाटणं या गोष्टी माणूस 'करत' नाही, त्या माणसा'ला' होतात. मला आवडतं, मला बरं वाटतं, मला चक्कर येते. जर्मनमध्येही अगदी अशीच एक मोठी शब्दांची पंगत आहे. 'मीर' म्हणजे मला.

डास बूख गेफेल्ट मीर : ते पुस्तक मला आवडतं. मीर इस्ट काल्ट : मला थंडी वाजतेय. मीर इस्ट श्विंडलिश : मला चक्कर येतेय. मीर इस्ट श्लेश्ट : मला मळमळतंय.

इंग्रजीच्या आधाराने चालणारा माणूस इथे 'मीर'ऐवजी 'इश बिन' म्हणजे 'मी आहे' अशी सुरुवात करतो. मग 'इश बिन काल्ट' याचा अर्थ मी भावनाशून्य माणूस आहे असा निघतो, आणि 'इश बिन श्लेश्ट' म्हणजे मी वाईट आहे. रुग्णालयात काम करणाऱ्या नर्ससाठी ही बारकाव्याची गोष्ट नाही. रुग्ण रात्री तीन वाजता 'मीर इस्ट श्लेश्ट' म्हणाला तर भांडं आणायचं असतं. माझी एक साताऱ्याची विद्यार्थिनी हे वाक्य ऐकून लगेच म्हणाली, "म्हणजे 'मला कसंतरी होतंय'." तिला पुन्हा समजवावं लागलं नाही.

विभक्ती या शब्दालाच ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी एक गोष्ट. जर्मनमध्ये विभक्ती चारच आहेत, आणि शाळेत प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी म्हणून आपण ज्या घोकल्या, काम जवळपास त्यांचंच. 'मीर' ही चतुर्थी. 'मला' म्हणून बघा, बसतं की नाही.

मग जर्मन सोपी म्हणायची का?

नाही. मराठी जिथे फसवते ती ठिकाणंही सांगितली पाहिजेत.

पहिलं म्हणजे लिंग. आपल्याकडे तो-ती-ते आहेत, त्यांच्याकडे डेर-डी-डास. तीन लिंगं ही कल्पना आपल्याला फुकट मिळते, हिंदीभाषकाला मिळत नाही. पण कुठल्या शब्दाला कुठलं हे जुळत नाही. आपला सूर्य 'तो', त्यांची झोने 'डी', म्हणजे ती. आपलं टेबल 'ते', त्यांचा टिश 'डेर'. मुलीला, म्हणजे 'मेडशेन'ला, ते चक्क 'डास' म्हणतात. हे पाठच करावं लागतं. शब्द सुटा पाठ करू नका, 'डेर टिश', 'डी झोने' असा जोडीने करा. मराठीत 'खुर्ची' म्हणताना ती 'ती' आहे हे आपल्याला वेगळं आठवावं लागत नाही, तसंच ते मुरायला हवं.

दुसरं, मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं, आपल्यासारखं शेवटी नाही. "आज मी बाजारात जाते" याचं जर्मन "आज जाते मी बाजारात" असं होतं. उपवाक्यात मराठी चालवा, मुख्य वाक्यात लगाम घाला.

तिसरं, विशेषणांचं शेपूट, म्हणजे लिंग आणि विभक्तीप्रमाणे विशेषणाच्या शेवटी बदलणारा प्रत्यय. हे खरंच किचकट आहे आणि बी१ला कुणालाही पूर्ण जमत नाही. शेपूट चुकलं तरी बेकरीतली बाई पाव देते, डॉक्टर औषध देतो. या एका गोष्टीपायी बोलायचं थांबलेली मुलं मी बघितली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. चुकीचं शेपूट लावून बोला, पण बोला.

इंग्रजीचा उपयोगच नाही असंही नाही. व्हासर, हाउस, फिंगर, मिल्श असे शेकडो शब्द इंग्रजी जाणणाऱ्याला ओळखीचे वाटतात, कारण त्या दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. शब्दांसाठी इंग्रजीकडे जा, बांधणीसाठी मराठीकडे या.

२४०० शब्द पाठ कसे व्हायचे?

यादी घोकून नाही. दोन गोष्टी धरा : उपसर्ग आणि समास.

आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार. मूळ एक, उपसर्गाने अर्थ कुठल्या कुठे जातो. जर्मनचं तसंच. 'झागेन' म्हणजे सांगणं. 'आबझागेन' म्हणजे ठरलेलं रद्द करणं, 'त्सूझागेन' म्हणजे होकार देणं, 'आनझागेन' म्हणजे जाहीर करणं. त्यात एक अधिकची गंमत अशी, की हे उपसर्ग बहुतेकदा सुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसतात. स्टेशनवर घोषणा होते : 'डेर त्सूग नाख ट्युबिंगेन फेल्ट हॉइटे आउस.' 'फेल्ट' म्हणजे पडतो. ट्युबिंगेनची गाडी आज पडतेय? थांबा, शेवटचा शब्द 'आउस' यायचाय. 'आउसफालेन' म्हणजे रद्द होणं. गाडी आज रद्द आहे. बी१चा कान म्हणजे वाक्य संपेपर्यंत थांबणारा कान, आणि मराठी ऐकणाऱ्याला ती सवय असते. आपल्याकडेही "मी उद्या तुमच्याकडे जेवायला" इथपर्यंत ऐकून येणार की येणार नाही ते कळत नाही.

समासाचं बघा. 'क्रांकेनफरझिशेरुंग्सकार्टे' हा शब्द पाहून घाबरायला होतं. फोडला की क्रांकेन म्हणजे आजारी माणसं, फरझिशेरुंग म्हणजे विमा, कार्टे म्हणजे कार्ड. आरोग्य विम्याचं कार्ड, दवाखान्यात पहिल्यांदा तेच मागतात. लिंग ठरतं शेवटच्या शब्दावरून : कार्टे 'डी', म्हणून सगळा शब्द 'डी'. आपल्याकडेही घर 'ते' म्हणून देवघर 'ते', वाडा 'तो' म्हणून राजवाडा 'तो'.

जरा, ना, की, बरं

हे मला सगळ्यांत आवडतं. जर्मन बोलण्यात 'माल', 'डॉख', 'या', 'डेन' असे बारके शब्द पेरलेले असतात. शब्दकोशात बघितलं तर अर्थ हाती लागत नाही. इंग्रजीतून शिकवणाऱ्यांना ते समजावताना घाम फुटतो. मराठीत मात्र त्यांना सख्खी भावंडं आहेत.

'व्हार्टेन झी माल' : थांबा जरा. 'कोम डॉख' : ये ना. 'डास इस्ट या टॉइअर' : हे महागच आहे की! कुणी विचारलं, "तू जेवला नाहीस?" आणि तुम्ही जेवला असाल, तर मराठीत म्हणता, "जेवलोय की!" जर्मनमध्ये त्याला एकच शब्द : 'डॉख!' नकारार्थी प्रश्नाला 'या' म्हटलं तर समोरच्याचा गोंधळ होतो, 'डॉख' म्हटलं की विषय मिटतो.

मऊपणाही तसाच. दुकानात आपण म्हणतो, "मला जरा एक माहिती हवी होती." हवी तर आत्ता आहे, तरी 'होती' म्हणतो, कारण 'हवी आहे' जरा अंगावर आल्यासारखं वाटतं. जर्मन माणूसही 'इश हाबे' म्हणजे 'माझ्याकडे आहे' असं न म्हणता 'इश हेटे माल आइने फ्रागे' म्हणतो : मला जरा एक विचारायचं होतं. हेच 'हेटे' आणि त्याचा भाऊ 'व्हेरे' पुढे 'असतं तर'ला येतात. "पाऊस पडला नसता तर मी आले असते." 'व्हेन एस निश्ट गेरेग्नेट हेटे, व्हेरे इश गेकोमेन.' मराठीत दोन्हीकडे 'असतं' येतं, तिथे एकीकडे हेटे आणि एकीकडे व्हेरे. पाठ्यपुस्तकात याला भलंमोठं नाव आहे. त्या नावाला भिऊ नका.

तू आणि तुम्हीसुद्धा आहेतच : 'डू' आणि 'झी'. शेजारच्या आजींना मी दोन वर्षं 'झी'च म्हणत होते. एके दिवशी त्याच म्हणाल्या, आता 'डू' म्हण. हा मान मोठ्याने द्यायचा असतो, धाकट्याने घ्यायचा नसतो. हे मराठी घरातल्या माणसाला समजवावं लागत नाही.

"पण तिकडे इंग्रजी चालतं ना?"

बर्लिनमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत चालतं. स्टुटगार्टकडच्या श्व्हेबिश डोंगरातल्या वृद्धाश्रमात, वायरिंगच्या कामावर, मुलाच्या बालवाडीच्या पालकसभेत चालत नाही. महाराष्ट्राशी करार करणाऱ्या राज्याला माणसं हवी आहेत ती नेमक्या याच जागांवर. शिवाय सगळी कागदपत्रं जर्मनमध्ये येतात : भाडेकरार, विजेचं बिल, विम्याची पत्रं. आणि भाषेवाचून माणूस एकटा पडतो, याचं दुःख कुठल्याच पगारात भरून निघत नाही.

"आणि त्यांची बोली?"

स्टुटगार्टच्या भागात श्व्हेबिश बोलतात. 'निश्ट'चं, म्हणजे 'नाही'चं, 'नेट' होतं, 'बिसशेन'चं, म्हणजे 'थोडंसं'चं, 'बिसले' होतं. पुण्यात मराठी शिकलेला माणूस पहिल्यांदा मालवणात गेला तर त्याचं जे होईल तेच तुमचं होणार. लोक वाईट वाटून घेत नाहीत. 'क्योन्टेन झी डास बिटे आउफ होखडॉइच झागेन?' म्हणजे प्रमाण जर्मनमध्ये सांगाल का, एवढं विचारा. हे वाक्य मात्र तोंडपाठ हवं.

परीक्षेत काय असतं, आणि दिवस किती लागतात?

ग्योथेच्या बी१ परीक्षेचे चार भाग आहेत. वाचन ६५ मिनिटं, ऐकणं साधारण ४० मिनिटं, लेखन ६० मिनिटं आणि बोलणं जोडीने साधारण १५ मिनिटं. प्रत्येक भागात शंभरपैकी साठ हवेत, आणि एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. बोलण्यात दोघांनी मिळून एखादा बेत आखायचा असतो : आजारी सहकाऱ्याला भेटायला कधी जायचं, काय न्यायचं. मग एका विषयावर थोडं बोलायचं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. लेखनात ८० शब्दांचं मित्राला पत्र, ८० शब्दांत आपलं मत, आणि ४० शब्दांचं औपचारिक पत्र.

काळाचं म्हणाल, तर ग्योथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने शून्यापासून बी१पर्यंत ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात. अंतर मोठं आहे, कारण माणसं वेगळी आणि वेळ वेगळा. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला मी ए२नंतर सहा-आठ महिने धरायला सांगते. "तीन महिन्यांत बी१ची हमी" अशा जाहिरातींना पैसे देऊ नका. घरातलं सोनंनाणं मोडून फी भरलेले आईवडील मी बघितलेत.

या सहा-आठ महिन्यांत रोज एकच काम करा. दिवसभरात घडलेली एक गोष्ट 'कारण', 'तरीही' आणि 'म्हणून' वापरून मोठ्याने जर्मनमध्ये सांगा. आरशाला सांगा, आईला सांगा, तिला कळलं नाही तरी चालेल. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे बी१पर्यंतचे धडे फुकट आहेत. ते ऐकताना वाक्य मध्येच थांबवून शेवटचं क्रियापद आपण ओळखायचं, हा खेळ मी वर्गात घेते.

दुसऱ्या हिवाळ्यात माझी हाइट्सुंग पुन्हा गार पडली. पितळी किल्ली आता माझ्याकडेही होती. हवा काढली, कपात पाणी आलं, पण नळी गारच. कागद न घेता फोन लावला. 'इश हाबे शोन एन्टल्युफ्टेट, ट्रॉट्सडेम ब्लाइप्ट झी काल्ट. क्योन्टेन झी बिटे येमांडेन फोरबाइशिकेन?' हवा काढून पाहिलीय, तरीही गारच आहे, कुणाला पाठवाल का? पलीकडे त्याच बाई होत्या. म्हणाल्या, उद्या आठ ते बाराच्या दरम्यान येईल माणूस. मी म्हटलं, दुपारी जमेल का, सकाळी मी कामावर असते. 'मोमेंट माल.' थांबा जरा. कळफलकाची टकटक ऐकू आली. गुरुवारी दोन वाजता?

'पास्ट मीर,' मी म्हटलं. मला चालेल.